जीपची चोरघंटी आणि माझं लिंबू

सकाळचे सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. वेळ इतकी पक्की आठवते, कारण आमच्या ह्यांनी घड्याळ पाहून मला हाक मारली, गोंदियाची गाडी यायची वेळ झाली, आटप म्हणाले. आणि मी म्हटलं, "हौ, एवढं एक काम करून आलीच."

ते एक काम मी केलं नसतं ना, तर आज बालाघाटच्या बाजारातून तोंड वर करून चालली असती. चहा घ्या तुम्ही, थंड होते. सांगते सगळं. फक्त मधेमधे हसू नका. हसायचं ते शेवटी एकदाच हसून घ्या, म्हणजे मलेही एकदाच लाज वाटेल.

आमचे हे आधी ट्रकवर होते. नागपूर-रायपूर, रायपूर-नागपूर. घरी यायचे ते पाहुण्यासारखे. आमची चिमू तर बापाला पाहून माझ्या लुगड्याआड लपायची आणि भोकाड पसरायची. हे पाहून एक दिवस ते ट्रक सोडून लिलावातली एक जुनी जीप घेऊन आले. बालाघाट ते बैहर सवाऱ्या न्यायच्या, संध्याकाळी घरी यायचं. पण सवाऱ्या कुठे रोज मिळतात? ट्रकवाला मालक पुन्हा निरोप धाडायला लागला, की परत ये.

अशात उकव्याच्या मँगनीज खाणीतल्या एका साहेबांचा सांगावा आला. त्यांची बायको सव्वा महिन्याचं बाळ घेऊन माहेराहून येणार होती. तिला स्टेशनवरून उकव्याला आणून सोडायचं. बाळाला त्रास न होता गाडी नीट आली, तर खाणीवर महिनेवारीनं तीच जीप लावून घेऊ. सोबत घरची एखादी बाई असू द्या, म्हणून मीही जायचं, चिमूला घेऊन.

म्हणजे बघा, त्या एका फेरीवर सगळं होतं. फेरी साधली तर चिमूचा बाप रोज घरी. नाहीतर पुन्हा ट्रक.

आता चोरघंटीकडे येते.

आमच्या घराला फाटक नाही. जीप रस्त्यावरच उभी राहायची. एक दिवस तिचं जास्तीचं चाक चोरीला गेलं, आणि त्या दिवसापासून माझी झोपच गेली. पान हललं तरी मी ह्यांना उठवायची. मांजर गेली तरी उठवायची. दूधवाला आला तर दोनदा उठवायची. मग मी तेलाचे रिकामे डबे सुतळीनं जीपच्या दाराला बांधून ठेवले, म्हणजे चोरानं दार ओढलं की डबे वाजतील. त्या सुतळीत शेजारची बकरी अडकली आणि डबे घेऊन पार बुढी नदीकडे पळाली. शेजारीण आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.

शेवटी हे वैतागले आणि बस-स्टँडवरच्या मिस्त्रीला घेऊन आले. तो ट्रकांचे दिवे आणि भोंगे दुरुस्त करायचा. आल्या आल्या म्हणाला, "भाभी, अब चोर हाथ लगाएगा, तो पूरा मोहल्ला जागेगा."

दिवसभर तो जीपखाली निजून होता. दाराच्या चौकटीत त्यानं बटण बसवलं. दार लागलेलं असलं की बटण दबलेलं, दार उघडलं की ते सुटतं आणि भोंगा वाजतो. जीपचा स्वतःचा भोंगा आजारी कोकरासारखा होता, म्हणून त्यानं समोरच्या जाळीमागे ट्रकचा भोंगा लावला. आणि भोंगा बंद ठेवायला स्टीअरिंगखाली एक चोरखटका दिला, तो फक्त आपल्याला माहीत. संध्याकाळपर्यंत तो खटका साऱ्या मोहल्ल्याला माहीत झाला, कारण मीच एकेकीला बोलावून दाखवला. काय करता, नवी वस्तू होती घरात.

चोर काही सापडला नाही. सापडायची मीच. चिमूचा खुळखुळा गाडीत राहिला म्हणून दार उघडलं, भोंगा. झाडायला उघडलं, भोंगा. हे म्हणायचे, ह्या गाडीला एकच चोर आहे आणि तो आपल्या घरात जेवतो.

बरं. आता ते सहा वाजून वीस मिनिटांचं काम.

आदल्या दिवशी समोरची काकू जीपभोवती फिरून पाहून गेली होती. "आता काय बाप्पा, खाणीची गाडी तुमची," असं म्हणाली. म्हणाली ते ठीक, पण म्हणताना तिनं जो श्वास सोडला ना, तो मले काही ठीक वाटला नाही. तुम्हीच सांगा, एवढ्या मोलाच्या फेरीला लिंबू-मिरची न बांधता गाडी काढायची? शनिवारही होता आयताच.

पण दोऱ्याचा भरवसा नव्हता. घाटात हिसके बसतात, दोरा तुटतो, लिंबू रस्त्यात पडते. तेवढ्यात मले मिस्त्रीनं टाकलेल्या तारा आठवल्या. मी कुठली फेकते? डब्यात भरून ठेवल्या होत्या. त्यातली उघडी, चकचकीत तांब्याची तार काढली. आणि माझं डोकं पाहा कसं चाललं! देवाचा कलश तांब्याचा, पळी तांब्याची, ताम्हण तांब्याचं. म्हणजे तार मजबूतही आणि शुद्धही. दोऱ्यात काय ठेवलं आहे?

तारेत मिरच्या ओवल्या, लिंबू ओवलं, खाली कोळशाचा तुकडा अडकवला आणि तारेचं टोक खाली लोंबतं सोडलं. जाळीमागे एक छानसा स्क्रू बाहेर आलेला दिसला. जसा काही लिंबासाठीच ठेवला होता. त्याला तारेचे वेढे घातले, कुंकू लावलं आणि हात जोडले.

स्टेशनवर साहेबांची बायको उतरली. आम्ही तिला बाईसाहेब म्हणायचो. नागपूरकडची, शिकलेली, पण बोलायला चांगली. हातात बाळ, दुपट्यात गुंडाळलेलं, कापसाच्या बोंडासारखं. गाडी गावातून निघाली तोवर सगळं ठीक होतं. दोन-तीनदा भोंगा वाजला, तर मले वाटलं हेच वाजवतात. ह्यांना वाटलं, पुढे बसलेल्या चिमूचा पाय लागला.

गाव सुटलं, बैहरचा रस्ता लागला, आणि खड्डे सुरू झाले.

खड्डा आला की पोंऽऽ. पुन्हा खड्डा, पुन्हा पोंऽऽ. बाळ दचकून रडायचं. बाईसाहेब त्याला थोपटायच्या, डोळा लागायचा, की पुढचा खड्डा हजर. चिमू मात्र खुश. भोंगा वाजला की टाळ्या पिटायची आणि नाही वाजला की रुसायची.

थोड्या वेळानं बाईसाहेब गोड आवाजात म्हणाल्या, "रस्ता मोकळाच आहे हो. इतका भोंगा कशाला वाजवता?"

"मी नाही वाजवून राह्यलो जी."

"मग कोण वाजवतंय?"

खरेपणा दाखवायला ह्यांनी दोन्ही हात स्टीअरिंगवरून उचलून वर धरले. तेवढ्यात खड्डा आला, भोंगा वाजला, आणि जीप थेट एका बैलगाडीच्या अंगावर निघाली. ह्यांनी वळवली म्हणून वाचलो. गाडीवान बैलांना आवरत आमच्या सात पिढ्यांची चौकशी करत होता, आणि आमचा भोंगा त्याला मधेमधे उत्तर देत होता.

ह्यांनी चोरखटका दाबला. काही नाही. वर केला, खाली केला, गुद्दा हाणला. काही नाही. खाली उतरून दारं पाहिली, बटणं पाहिली. पण मजा अशी, की गाडी उभी राहिली की भोंगा अगदी गप्प, शहाण्या लेकरासारखा. गाडी हलली की बोंब. उभ्या गाडीत काय शोधाल तुम्ही? हे मिस्त्रीच्या नावानं दात खात होते. मीही खात होती. मनात म्हटलं, चांगलं काम करता येत नाही आणि लोकांच्या गाड्यांना हात लावता!

घाटात तर विचारू नका. मागून येणाऱ्या बसला वाटे, आपण मागे आहोत म्हणून हा चिडला. पुढच्या ट्रकला वाटे, ह्याला पुढे जायचं आहे. तो बिचारा बाजूला होऊन वाट द्यायचा, आम्ही चढाला हळूहळू जायचो, तो हात दाखवत राहायचा. बाईसाहेब ओठ घट्ट मिटून बाळाच्या कानांवर हात ठेवून बसल्या होत्या. ह्यांच्या मानेवरून घाम वाहत होता. मी मागून तो पाहत होती, आणि मले रायपूरचा रस्ता दिसत होता. चिमू लुगड्याआड लपलेली दिसत होती.

आणि तुम्हाला काय सांगू, तेव्हा माझ्या मनात एकच आलं. नजर फार कडक लागली आहे. एका लिंबाची ही गोष्ट नाही.

उकवा आलं. आता पुढचं ऐकताना कप खाली ठेवा.

खाणीत पाळी सुटली की भोंगा होतो. आमचा ट्रकचा भोंगा जंगलातून पोंऽऽ पोंऽऽ करत जवळ आला, तशी पाळीवरची माणसं अवजारं ठेवून डबे उचलून बाहेर पडायला लागली. अर्धे रस्त्यावर येऊन उभे. मुकादम त्यांच्यामागे धावतो आहे, अरे अजून वेळ आहे, परत चला. आणि ह्या सगळ्या जत्रेतून आमची जीप वाजतगाजत साहेबांच्या बंगल्यासमोर जाऊन थांबली. थांबली, आणि गप्प झाली.

साहेब फाटकात उभे होते. चेहरा असा, की मी चिमूला उगाच कडेवर घट्ट धरलं. त्यांनी आधी बाळ पाहिलं. मग बायकोला काय झालं म्हणून विचारलं. बाईसाहेब फक्त म्हणाल्या, मी आधी बसते. साहेब ह्यांच्याकडे वळून म्हणाले, काय ड्रायव्हर, वरात आणली की काय? ह्यांनी मिस्त्रीचं नावसुद्धा घेतलं नाही.

मले राहवलं नाही. चिमूला खाली ठेवलं. पिशवीत दुसरं लिंबू होतं, मिरच्या होत्या, उरलेली तार होती. मी तयारीनंच निघाली होती ना. सगळ्यांसमोर जीपच्या पुढे जाऊन बसली, दुसरं लिंबू ओवलं, आणि ह्या वेळी हलायलाच नको म्हणून वरचं टोक त्या स्क्रूला आणि खालचं टोक लोखंडी बंपरला घट्ट आवळलं.

पोंऽऽऽऽऽऽ.

उभ्या गाडीत! थांबेचना. मी घाबरून गाठ सोडली. गप्प. म्हटलं, योगायोग असेल. पुन्हा बांधली. पोंऽऽऽऽ. सोडली. गप्प. मले अजूनही कळेना, बरं का. मी तिसऱ्यांदा बांधायला गेली, तेव्हा मागून ह्यांचा आवाज आला. अगदी हळू.

"ती तार तू कायले बांधून राह्यली?"

"लिंबाले."

"अन् लिंबू कायले बांधलं?"

मी स्क्रूकडे बोट केलं. हे खाली बसले. सकाळचं लिंबूही तिथंच लोंबत होतं, तारेची शेपटी बंपरच्या पुढे हलवत. ह्यांनी डोक्याला हात लावला. तो स्क्रू भोंग्याचा होता. त्याला लावलेली तार गाडीच्या लोखंडाला टेकली की भोंगा वाजतो. मिस्त्रीचं दाराचं बटण तेच करायचं, स्टीअरिंगवरचं बटणही तेच करायचं. आणि सकाळपासून माझं लिंबू खड्ड्याखड्ड्यावर झोके घेत तेच करत होतं. खटका बिचारा दाराचा. तो लिंबाला कसा थांबवणार?

ह्यांनी एवढंच विचारलं, "पिशवीत अजून तार हाय?"

"हौ."

"दे इकडे."

अवतीभवती डबे घेतलेली पाळीवरची माणसं उभी होती. कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले. मले वाटलं, खाण एवढी खोल आहे, मी एकटी तिच्यात मावेन की नाही. साहेब मात्र हसत नव्हते. गाडी परत न्या, असं म्हणायला त्यांनी हात उचललाच होता, तेवढ्यात बाईसाहेब ओसरीतून बोलल्या.

"अहो, ते लिंबू काढू नका हं. बाळ बसणार आहे ह्या गाडीत. फक्त दोऱ्यात ओवायला सांगा."

साहेबांनी बायकोकडे पाहिलं, लिंबाकडे पाहिलं. मग ह्यांना म्हणाले, सोमवारपासून या. आणि माझ्याकडे न पाहता पुढे म्हणाले, "एकच अट. ह्या बाईंना गाडीच्या पुढच्या बाजूला येऊ द्यायचं नाही."

झालं. जीप लागली. हे रोज संध्याकाळी घरी येतात, चिमू धावत जाऊन पायाला मिठी मारते. मी मागच्या बाजूनं गाडीपाशी जाते आणि डबा घेऊन मागच्याच बाजूनं परत येते.

पण माझा जीव कुठे सुटला? समोरच्या काकूनं सगळीकडे सांगितलं, की तांब्याच्या तारेत लिंबू बांधलं आणि त्याच दिवशी खाणीचं काम मिळालं! आता ड्रायव्हरांच्या बायका माझ्या दारात तारेसाठी उभ्या असतात. मी पाया पडून सांगते, नका बांधू. त्या म्हणतात, स्वतःचं साधलं, आता दुसऱ्याचं पाहवत नाही. बस-स्टँडवर दोन गाड्या आतापासूनच कारणाशिवाय भोंगे मारत फिरतात, आणि मिस्त्री त्यांचे भोंगे उघडून-उघडून वेडा झाला आहे.

तुम्ही गावोगाव फिरता, म्हणून तुमच्याजवळ मागणं आहे. वारासिवनीला जा, परसवाड्याला जा, जिथे जाल तिथे सांगा, की लिंबू दोऱ्यातच ओवा. तुम्ही सांगितलं तर ऐकतील. फक्त माझं नाव घेऊ नका. समोरच्या काकूचं सांगा.