कावेरीचं लायसन्स

कावेरी, हे पत्र तुला लिहितेय आणि मंडळाच्या अंकात छापायलाही देणार आहे. रागावलीस तरी देणार. तुझ्या हातची पुरणपोळी अबुधाबीत सगळ्यांनी खाल्ली, पण तुझं लायसन्स कसं आलं ते कुणालाच माहीत नाही.

साल सत्त्याण्णव. मी तुझी शेजारीण. तुझा नवरा प्रल्हाद दूर रुवैसच्या रिफायनरीत, घरी यायचा गुरुवारी. तू घरून डबे करायचीस आणि टॅक्सीने पोचवायचीस. तेवढ्यात एका ऑफिसने रोजचे चाळीस डबे देऊ केले. अट एकच, जूनपासून स्वतःच्या गाडीने आणायचे. म्हणजे लायसन्स हवं. तोवर तू कुणाच्या हाताखाली नोकरी केली नव्हतीस, आणि तुला तसंच स्वतःच्या पायावर राहायचं होतं.

पहिल्या टेस्टला पोलीस ऑफिसर पुढे आणि तुम्ही तिघी बायका मागे. एकेकीची पाळी. तुझं नाव पुकारल्यावर तू मागून उतरलीस, चपला रस्त्याच्या कडेला नीट जोडून काढल्यास आणि स्टिअरिंगला हात लावून नमस्कार करून निघालीस. दोन किलोमीटरवर ऑफिसर म्हणाला, "खलास, मदाम. पीछे बैठो." तू उतरलीस आणि मेमधल्या डांबरावर नाचायला लागलीस.

"मदाम, शूज किदर?"

"उधर ही निकाला, सर. गाडी लक्ष्मी होती है ना!"

त्याने हसत हसत नापास केलं. दुसऱ्या वेळी राउंडअबाउटवर फुटपाथ चढलीस आणि मग घरी येऊन जाहीर केलंस, "काकू, आपल्याला नाही जमायचं. ते ऑफिस जाऊ दे."

तुझी लेक इशिता म्हणाली, "आई, इट्स ओन्ली अ टेस्ट!" तिच्यावर खेकसलीस. मग मी तुझ्यावर खेकसले.

"मंडळाने दीडशे माणसांचं जेवण सांगितलं की पहिलं काय करतेस?"

"डबे उघडते. घरात काय आहे ते बघते. मग यादी."

"आणि टेस्टच्या आदल्या दिवशी?"

"काय काय येत नाही ते आठवत बसते... अय्या!"

"अय्या काय? उघड डबे!"

अगं, मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं, पण हे तुझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या फळीकडे बघून सुचलं. दीडशे माणसं आली की तुला हुरूप येतो, आणि एक माणूस वही घेऊन शेजारी बसला की घाम फुटतो. त्या दीडशेंनी कधी नावं ठेवली नाहीत का? ठेवली. पण तिथे तुझी नजर स्वतःच्या हातांकडे असते, इथे त्याच्या पेन्सिलीकडे.

तू बोटांवर मोजलंस. "रिव्हर्स झकास. आरसा विसरत नाही. ब्रेक मऊ."

"आणि राउंडअबाउट?"

"तेवढंच बाजारातून आणायचं!" म्हणालीस आणि स्वतःच हसलीस.

मग त्या पठाण इन्स्ट्रक्टरकडून पाच दिवस नुसतं राउंडअबाउट. तो बिचारा म्हणे, "बहनजी, मेरे को चक्कर आता." तू म्हणायचीस, "यल्ला, फिर से!"

तिसऱ्या टेस्टला मी बाहेर बाकावर बसले होते. नेमका तोच ऑफिसर. त्याने आधी तुझ्या पायांकडे पाहिलं. तू पाऊल पुढे करून दाखवलंस, "आज पहना है, सर!" तुम्ही परत आलात तेव्हा तोही हसत होता आणि तू तर खिडकीतूनच ओरडलीस, "काकूऽ, आणलं बाजारातून!" सगळं मैदान वळून बघायला लागलं. मला मेलीला रडू आलं.

जूनमध्ये सेकंडहँड व्हॅन आली. चाळिसाचे पुढे शंभर डबे झाले. पहिल्याच आठवड्यात तू माझा बंद पडलेला मिक्सर व्हॅनमध्ये टाकलास. "काकू, दुरुस्तीचं दुकान माझ्या वाटेवरच आहे, उद्या देते." उद्या म्हणजे इन्शाल्ला! मी दोन हजार दोनमध्ये पुण्याला परतले, तोवर मिक्सरने तुझ्याबरोबर सगळी अबुधाबी पाहिली. दुकान तेवढं राहिलं.