चांदण्यांची ओळ

ब्रेलमध्ये छापलेली पानं तपासायला मालतीताई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांचं बोट ओळींवरून सराईतपणे सरकत होतं. एका ओळीवर ते मंदावलं, शेवटापर्यंत गेलं, परत सुरुवातीला आलं आणि पुन्हा हळूहळू निघालं.

“ही ओळ मला लागत नाहीये,” त्या म्हणाल्या. “माझंच काही चुकतंय का?”

मी संगणकावर पाहिलं. दोन प्रकरणांच्या मध्ये मी छोट्या चांदण्यांची एक ओळ टाकली होती, पान बरं दिसावं म्हणून. सॉफ्टवेअरने ती इमानेइतबारे, एकेक चांदणी करत ठिपक्यांत उतरवली होती. डोळा अशी ओळ सहज ओलांडून जातो. बोटाला प्रत्येक चांदणीपाशी थांबावं लागतं.

“ती नुसती नक्षी आहे, ताई. काढतो मी.”

बोलतानाही मी असंच काहीबाही शोभेसाठी पेरत असतो. ऐकणारं माणूस त्यात अर्थ शोधत राहतं, आणि तो सापडला नाही की स्वतःलाच बोल लावतं. मी ती ओळ पुसायला कळीवर बोट ठेवलं.

“दिसायला चांगली असेल, नाही?” मालतीताईंनी विचारलं.

माझं बोट कळीवरच राहिलं.