डाव्या हाताचं स्टीअरिंग

त्या बाजाररस्त्यावर गेमवाल्या काकांचं खरं नाव कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नव्हतं. चपलांचं दुकान आणि औषधांचं दुकान यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत त्यांनी बावीस वर्षं व्हिडिओ गेम विकले. नव्या गेमच्या डिस्क यायच्या दिवशी शटर वर जायच्या आधीच रांग लागे. काका प्रत्येक गेम आधी स्वतः खेळून बघत. भिकार निघाला तर गिऱ्हाइकाला तोंडावर सांगत, हा नको घेऊस, दोन दिवसांत कंटाळशील. अशानं धंदा होतो का, असं बायको म्हणे. ती शाळेत शिवणकाम शिकवायची आणि बोलायला फटकळ होती. पण काकांच्या या सवयीपायीच लोक फिरून फिरून येत.

मग ऑनलाइन दुकानं आली. सुरुवातीला काकांनी मनावर घेतलं नाही. हळूहळू लक्षात आलं की माणसं येतात, खोका उलटसुलट करून बघतात, कोणता चांगला ते अर्धा तास विचारतात, आणि फोटो काढून निघून जातात. पुढे तर खोक्याचीही गरज उरली नाही. गेम थेट घरच्या टीव्हीवर उतरू लागले. आपलं दुकान आता विचारायला आणि घ्यायला फोन, असं काका बायकोला हसत हसत म्हणाले खरे, पण त्या दिवशी ते अर्ध्या जेवणावरून उठले.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते घरचंच. लेक दुसऱ्या गावी असायची. एकदा फोनवर बोलता बोलता तिच्या तोंडून निसटलं की जावयासाठी गेम खेळायचा नवा कन्सोल ऑनलाइन मागवला, दुसऱ्या दिवशी दारात हजर. बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली. काकांनी सावरून घेतलं, वॉरंटीचा कागद जपून ठेव म्हणाले. फोन ठेवल्यावर मात्र ते काउंटरवरची नसलेली धूळ पुसत बसले.

अशाच एका रिकाम्या दुपारी दारात एक जोडपं येऊन थांबलं. माणूस उंच, रुंद खांद्यांचा. उजवा हात गळ्यातल्या पट्टीत अडकवलेला, उजवा पाय ओढत चालणारा. त्यानं तीस वर्षं शहरबस चालवली होती. अख्खी गल्ली ड्रायव्हरसाहेब म्हणायची, म्हणून बायकोही तेच म्हणे. तीन महिन्यांपूर्वी लकव्याचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. त्याहून वाईट म्हणजे त्यांनी बोलणं टाकलं. विचारलं तर हो किंवा नाही, एवढंच. व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सुचवलं होतं की हाताला चाळा म्हणून काहीतरी खेळायला द्या.

सोबतच्या बाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, हे सगळं काकांना सांगितलं तेव्हा ड्रायव्हरसाहेबांची नजर कोपऱ्यात खिळली होती. तिथं बघायला मांडलेलं एक स्टीअरिंग होतं, खाली पेडल, समोर पडदा.

काकांनी खुर्ची पुढे ओढली. बसमधून प्रवासी न्यायचा एक गेम होता, तो लावला. पण एका हातानं चाक पुरतं वळेना, आणि रेसचं पेडल उजव्या पायाखाली. पहिल्याच वळणावर बस फुटपाथवर चढली. ड्रायव्हरसाहेबांनी हात मांडीवर ठेवला आणि उठायला लागले.

"पाच मिनिटं बसा साहेब," काका म्हणाले. "चूक गाडीची आहे, तुमची नाही."

त्यांनी दोन्ही पेडल काढून डाव्या पायापाशी आणली. चाकावर एका हातानं धरून फिरवायला एक लाकडी मूठ आवळून बसवली. पाचाची वीस मिनिटं झाली, पण ड्रायव्हरसाहेब हलले नाहीत. बस सुटली. पहिला थांबा आला, दुसरा आला. तिसऱ्या थांब्यावर पडद्यावरच्या एका मोटारीनं आडवी घुसून वाट अडवली, आणि दुकान दणाणलं.

"अरे ए, बस दिसत नाही का तुला? डोळे आहेत की बटणं?"

काका दचकले. बाईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसतायत की रडतायत ते काकांना कळेना. मग त्या हळूच म्हणाल्या, "तीन महिन्यांनी आवाज चढवला यांनी."

निघायची वेळ झाली तेव्हा बाई घुटमळल्या. स्टीअरिंग कुठल्या मॉडेलचं, ते त्यांनी विचारलं आणि खाली मान घालून सांगून टाकलं की भाचा फोनवर बघतो, तिकडे स्वस्त पडतं. आजारपणात पैशाची ओढाताण झाली होती.

काकांच्या मनाला बोचलं. मॉडेल सांगायला नाही म्हटलं तर काय बिघडतं? पण त्या माणसाचा डावा हात अजून चाकाच्या मुठीवरच होता.

"मागवा तिकडून, वहिनी," ते म्हणाले. "पण आलं की माझ्याकडे घेऊन या. साहेबांच्या हातापायाला ते मी बसवून देईन."

आठवड्यानं त्या खोका घेऊन खरंच आल्या. काकांनी दोन दिवस खपून सगळं जुळवलं. उजवा हातही चाकावर टेकून राहावा म्हणून काकांच्या बायकोनं मऊ कापडाचा पट्टा शिवून दिला. मजुरी घ्यायला काका लाजत होते. बाईंनी ती बळंच हातात कोंबली. बायको म्हणाली, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही असं काही विकलंत जे खोक्यात भरून पाठवता येत नाही.

डॉक्टरीणबाईंना हे कळलं आणि त्यांनी आणखी माणसं धाडली. बोटं आखडलेली एक शिक्षिका आली, मग अपघातात मनगट गेलेला एक सुतार. कुणाला मोठी बटणं लागत, कुणाला हनुवटीनं दाबता येईल असं काही. काका प्रत्येकाला आधी बसवून बघत, मग तारा जोडायची सोल्डरिंगची कांडी हातात घेत.

म्हणून दुकान वाचलं का? नाही. वर्षाअखेरीस बाजाररस्त्यावरची जागा सोडावी लागली. काकांनी डिस्क मिळेल त्या भावात काढल्या. पाटी उतरवताना शिडी धरायला चपलांचा दुकानदार आला, आणि दोघंही एकमेकांकडे बघायचं टाळत होते. लेक सुट्टी काढून आली होती. कपाटं पुसता पुसता तिनं त्या कन्सोलचा विषय काढला, तिला माफी मागायची होती. काकांनी तिच्या डोक्यावर टपली मारली आणि जावई तो नीट खेळतो का, एवढंच विचारलं.

मागच्या गल्लीत घड्याळ दुरुस्तीवाल्याच्या पलीकडे एक खोली मिळाली. माडीवरची स्वस्तात मिळत होती, पण काकांनी तळमजल्याचीच घेतली, पायरी नको म्हणून. आता तिथं टेबल आहे, तीन खुर्च्या आहेत, तारांचा गुंता आहे. कमाई बेताचीच, पण हातावर हात धरून बसायची वेळ येत नाही.

दर बुधवारी ड्रायव्हरसाहेब येतात. उजव्या हाताची दोन बोटं आता हलतात. नवीन आलेला माणूस बुजून मागे सरला की ते आपली खुर्ची त्याच्याजवळ ओढतात आणि सांगतात, घाई करू नका, आधी मूठ धरा. मग गप्पा सुरू होतात त्या थांबतच नाहीत, आणि त्यांच्या बायकोला दोनदा आठवण करून द्यावी लागते की घरी जायचंय.