वाघिणीच्या स्टुलावर

मी वाघांच्या मागून रिंगमध्ये गेलो. तीन पिढ्या वाघ खेळवणाऱ्या घरात जन्मून नेमकं तेच केलं, जे करायचं नसतं.

आमच्यात माणूस आधी आत जातो. फिरतो, स्टुलं इकडची तिकडे करतो. मग दार उघडतं आणि वाघ त्याच्या घरात पाहुणे म्हणून येतात. आजोबांनी मिरजेत हे वडिलांना शिकवलं, वडिलांनी मला. दोघांनीही कानाखाली वाजवूनच.

पण इथे अमेरिकेत आमच्या सर्कशीला नवा मॅनेजर आला. आधी वॉटरपार्क चालवायचा. म्हणाला, "वाघ अगोदर बसलेले पाहिजेत. अंधार, धूर, आणि मग तू." नाही म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यानं चमचमता जांभळा कोट पुढे केला. तोंड मिटलं.

मिशिगनमधल्या शोला मी धुरातून अवतरलो. वाघीण स्टुलावरून उतरली, सावकाश चालत आली आणि कोटाचा मागचा घोळ एका पंजात फाडून घेतला. मी उडी मारून तिच्या स्टुलावर. ती खाली, मी वर. लोक उभे राहून टाळ्या पिटत होते. त्या टाळ्यांचा अजून संताप येतो. जवळच्या ट्रॉय गावाहून आलेल्या मराठी मंडळींनी तर व्हिडिओ थेट मिरजेला पोचवला.

बाहेर आलो तर मॅनेजर म्हणाला, "ही बिघडली. हिला प्राण्यांच्या सँक्च्युअरीत पाठवून देतो."

माझ्या हातून बाटलीनं दूध प्यायलेली वाघीण ती. माझं डोकं फिरलं. "घसरगुंड्या विकणाऱ्या गाढवा, बिघडलाय तो तुझा धूर, आणि तुझ्या कोटाला भुललेला मी." हे सगळं मराठीत, कारण इंग्रजीत मला धड भांडता येत नाही. इंग्रजीत एवढंच म्हणालो, ती गेली तर मीही जाणार. तो म्हणाला, विचार करतो.

त्याच रागात मिरजेला फोन लावला. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं.

"अण्णा, आता काय करू?"

"त्याला सांग, वाघीण ठेव. तिला काम येतंय. जायचंच असलं तर तू एकटा जा."