तहानेवरचा रस

"गोळी झाली का, अण्णा?" हे विचारल्याशिवाय अक्कांनी रसाचा पेला कधी माझ्या हाती दिला नाही. पेला पुढे करायच्या आणि माझा हात पोचला की जरासा मागे घ्यायच्या. साखरेवरची गोळी घेतली म्हटल्यावरच तो मिळायचा. तुमच्याही बागेच्या फाटकाशी रसाची गाडी असेल, पण गिऱ्हाइकाची अशी झडती घेणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही.

इथे कानडी मुलखात, जे. पी. नगरात आमच्या बागेबाहेर त्या दुधी-कारल्याचा रस विकायच्या. माहेर निपाणीचं, त्यामुळे आमचं मराठीत छान जमायचं. "हा कशावर चालतो?" असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "तहानेवर." पलीकडच्या गाडीवर मधुमेहापासून मूतखड्यापर्यंत आजारांची यादी रंगवलेली. रांग तिथे लागायची आणि अक्का निवांत दुधी चिरत बसायच्या.

प्रत्येक दुधीची चकती आधी स्वतः चाखायच्या. एकदा एक कडू निघाला. मी म्हटलं, "असू दे, कडू म्हणजे गुणकारी."

"गुण कसला? उलट्या होऊन दवाखान्यात पडाल की." दुधी टोपलीबाहेर गेला.

महिनाभर कारल्याचा रस पिऊन माझी साखर उतरली आणि मी शेफारलो. गोळी बंद केली. आठ दिवस खोटंच 'झाली' म्हणत पेला घेतला. नवव्या दिवशी मात्र ऐटीत सांगून टाकलं, "सोडली. तुमच्या रसानंच बरा झालो."

अक्कांनी पेला खाली ठेवला. "महिनाभर चालताय. जिलेबी सोडलीत. वर गोळी चालू होती. मग गुण एकट्या रसाचा कसा?"

मी वाद घालू लागलो, तशी त्यांनी कमरेच्या बटव्यातून गोळ्यांची पट्टी काढली. "मलापण साखर आहे. आठ वर्षं हाच रस पिते. रसानं जात असती तर माझी गेली नसती? जावा, आधी रक्त तपासा."

तपासलं, तर साखर भलतीच चढलेली. डॉक्टरांनी खडसावलं, गोळी पुन्हा सुरू झाली. हातचं गिऱ्हाईक परत धाडणाऱ्या त्या बाईवर माझा फार जीव जडला.

गेल्या वर्षी अक्का होसकोट्याला लेकीकडे राहायला गेल्या. मजेत आहेत. त्यांच्या जागी आता शहाळेवाला उभा असतो. परवा त्यानं शहाळं पुढे केलं आणि मी सवयीनं बोलून गेलो, "झाली, अक्का."

खरंच झाली होती.

"एनु सार?" काय म्हणालात, असं कानडीत विचारत तो शहाळं हातात धरून तसाच थांबला.