कुलूपकाकांची चावी

ऑफिसात सगळे त्यांना कुलूपकाका म्हणत, अर्थात पाठीमागे. कंपनीचा सगळा कोड दूरच्या सर्व्हरवर. नव्या माणसाला तिथे शिरायची वाट काका करून देत. "हे बघ, जोडी बनते. एक कुलूप, एक चावी. कुलूप तिकडे पाठवायचं, चावी आपल्या लॅपटॉपच्या पोटात. आणि चावीला सांकेतिक वाक्य घालायचं! नाहीतर काय? दाराला कुलूप अन् चावी पायपुसण्याखाली!" हे शेवटचं खास नाकातून, भुवया पार टकलापर्यंत चढवून.

सोमवारी नव्या मुलीने, म्हणजे चिमणीने, ते वाक्य रिकामं सोडलेलं त्यांनी पकडलं. चुकणाऱ्याने चहाच्या वेळी उभं राहून चूक सांगायची, हा रिवाजही काकांचाच. चिमणी उभी राहिली. "ते… दरवेळी टाइप करायचा कंटाळा…"

"कंटाळा! वा, राणीसाहेब!" काका म्हणाले. सगळे फिदीफिदी हसले. चिमणीने चहा तसाच ठेवला.

आणि गुरुवारी काका लॅपटॉप टॅक्सीत विसरले.

घराच्या दारात आठवलं, तसं त्यांनी बायकोला सांगितलं. बायको म्हणाली, "अहो, त्या चावीला वाक्य असेलच की. जगाला शिकवता ना?"

काका बूटही न काढता पायपुसण्यावर उभे. वाक्य नव्हतं. कधीच नव्हतं. त्यांनाही कंटाळाच यायचा.

लेकीचा कॉम्प्युटर ओढून, पासवर्डने कंपनीच्या वेबसाइटवर शिरून त्यांनी सर्व्हरवरचं आपलं कुलूप काढून टाकलं. आता ती चावी कुणाच्या हाती लागली तरी फिरवणार कुठे? मग कोण कधी शिरलं त्या नोंदी तपासल्या. कुणी शिरलं नव्हतं. सकाळी टॅक्सीवाल्याने लॅपटॉपही आणून दिला.

"सुटलात! आता कुणाला कळतंय?" बायको म्हणाली.

काकांनी मात्र न्याहारीची बशी बाजूला सारली. राणीसाहेब, राणीसाहेब. स्वतःचाच नाकातला आवाज कानात घुमत होता.

चहाच्या वेळी चिमणी पार टोकाला, पाठ करून बसली होती. काका उभे राहिले. "माझ्या चावीला वाक्य नव्हतं. लॅपटॉप रात्रभर दुसऱ्याच्या गाडीत होता. कारण… कंटाळा."

कुणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं.

काकांनी लॅपटॉप चिमणीपुढे सरकवला. "नवी जोडी करून देतेस? माझ्यावर माझाच भरवसा नाही."

तिने जोडी बनवली. वाक्याची रिकामी चौकट आली तशी ती थांबली. सगळ्यांनी कान टवकारले. आता काकांचंच पायपुसणं येणार, तिच्या नाकातून! काकांनी तर मान खाली घालून ठेवलीच होती.

"तुम्ही टाका काका," ती हळूच म्हणाली आणि खुर्ची भिंतीकडे फिरवली. "मी बघत नाही."

जगाला शिकवणाऱ्या काकांना स्वतःचं वाक्य सुचेना; बोटं पहिल्याच अक्षरावर अडली.