वेल्ह्याची एस्टी आणि निम्म्याचं निम्मं

आमच्या भोरच्या कॉलेजात, केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये, कॉस्टिकच्या बाटलीच्या तोंडाशी पांढरं साचतं ना, तसे किस्से साचतात. घासून काढा, आठवड्यात पुन्हा तयार! मी तिथला लॅब असिस्टंट.

*

एस्टरच्या अभिक्रियेचा वेग मोजताना मधेच थोडं मिश्रण काढून बर्फाच्या पाण्यात टाकतात, म्हणजे ती तिथंच थांबते. ऐन परीक्षेत फ्रीज बंद पडला. बाजारातून बर्फ आणवला.

एक्स्टर्नलनी फ्लास्क हुंगला. "एस्टरला असा वास?"

परीक्षेला बसलेलं पोरगं म्हणालं, "एस्टरचा न्हाई सर, बर्फाचा! मासेवाल्याकडचाय."

*

समोर समीकरण दिसलं की पोरं प्रयोगाआधीच अभिक्रियेची ऑर्डर, म्हणजे माल वाढवला तर वेग किती वाढतो ते, लिहून मोकळी होतात. आमच्या गायकवाड मॅडम भडकल्या. "रेट लॉ, वेगाचा नियम, प्रयोगानंच ठरतो! पत्रिका बघून संसार कळतो का?"

मागून आवाज आला, "मॅडम, तुमची जुळली होती?"

"छत्तीस गुण! म्हणून तर सांगते."

*

वेल्ह्याकडची सारिका रोज एस्टीनं येते. शेवटची एस्टी चुकली तर कॉलेज बंद, ही तिच्या वडिलांची अट. मॅडमनी तिला झिरो ऑर्डर विचारली.

"कापूरहोळच्या थांब्यावरची एस्टी, मॅडम. खाली माणसं धा असूंद्या न्हाईतर शंबर, दारातनं आत जायचा वेग त्योच!"

व्याख्या शोधायला उघडलेलं पुस्तक मी मिटलं.

*

तिच्याच फायनल प्रॅक्टिकलला लाईट गेली, सगळंच लांबलं. शेवटची रीडिंग्ज राहिली होती. ती सोडली तर नापास. एवढ्यात तिला न्यायला वडील दारात हजर.

"सारे, शेवटची एस्टी लागलीया. माल दुप्पट घाल की, लौकर आटपंल!"

"न्हाई आबा. फर्स्ट ऑर्डर हाय. दुप्पट घातला तरी निम्मं व्हायला येळ तेवढाच. मग उरल्याल्याचं निम्मं व्हायला पुना तेवढाच."

"आन् चुकली तर? म्या काय बोल्लो हुतो?"

सारिकानं ब्युरेटवरची नजर हलवली नाही. मी मधे पडावं की नाही, मला कळेना. खरं सांगतो, घाबरलो होतो.

स्टँडवरून हॉर्न ऐकू आला. एस्टी गेली.

आबांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"गेली ती. आता तुजं निम्म्याचं निम्मं निवांत हूंदे. म्या बसलोय हितं."